ठोका इतका उशिरा का येतो?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी मिरजेचा. चाळीस वर्षं तबला शिकवतो आहे. मागच्या महिन्यात मुलाबरोबर गाडीने पुण्याला निघालो होतो. सांगली सोडली तसा त्याने 'लो' नावाच्या अमेरिकन बँडचा 'आय कुड लिव्ह इन होप' हा अल्बम लावला. एक बाई आणि एक पुरुष गातात, गिटार आहे आणि ड्रम आहे. ड्रम कसला, माझ्याकडे पहिल्या वर्षाला असलेली मुलंही त्याहून जास्त वाजवतात. दोन ठोक्यांमध्ये इतकं अंतर की मी मुलाला म्हटलं, "अरे, ही बाई मधेच थांबली काय?" तो काही बोलला नाही. पेठ नाका मागे पडला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपणही बराच वेळ काही बोललेलो नाही आणि प्रत्येक ठोक्याआधी श्वास धरून बसलो आहोत. रात्री पुण्यात पोचल्यावर मीच म्हटलं, ते परत लाव. ह्यात नेमकं आहे काय? आणि अजून एक. मुलगा हे रोज रात्री ऐकतो. इतकं उदास रोज ऐकणं बरं का?

उत्तर : गुरुजी, नमस्कार. तुमचं पत्र वाचल्यावर मी तो अल्बम पुन्हा लावला आणि या वेळी फक्त ड्रमकडे कान दिला. वीसहून जास्त वर्षं ऐकते आहे, पण माझा कान कायम आवाजांकडे आणि गिटारकडे असतो. तुमच्यामुळे एक वेगळाच अल्बम ऐकायला मिळाला.

आधी माणसं कोण ते सांगते. अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाकडे, लेक सुपिरियरच्या काठावर डुलुथ नावाचं बंदराचं गाव आहे. तिथले हे तिघं. ॲलन स्पारहॉक गिटार वाजवतो आणि गातो, त्याची बायको मिमी पार्कर ड्रम वाजवते आणि गाते, आणि बास गिटारवर जॉन निकोल्स. फेब्रुवारी १९९४ मध्ये आलेला हा त्यांचा पहिला अल्बम. अकरा गाणी, सगळी मिळून तासाला थोडी कमी. प्रत्येक गाण्याचं नाव एकाच शब्दाचं: 'वर्ड्स', 'फिअर', 'कट', 'सी', 'रोप'. नावातसुद्धा जास्तीचं काही नाही.

मिमी पार्कर उभी राहून वाजवायची. रॉक बँडच्या ड्रमवाल्याभोवती केवढा पसारा असतो, पायाने वाजवायचा मोठा ड्रम, चार-पाच झांजा, लहानमोठे टॉम. तिच्यापुढे त्यातल्या दोन-तीनच गोष्टी, झांज एकच, आणि हातात बहुतेक वेळा काठीऐवजी तारांचे ब्रश. ब्रशने वाजवलेला ठोका टणकन येत नाही, जमिनीवर वाळू सांडावी तसा येतो. तुमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना तिच्याहून जास्त बोल येत असतील, यात मला शंका नाही. पण त्यांना सांगून पाहा, गुरुजी: हा एवढाच ठेका, पाच मिनिटं, एकही जागा भरायची नाही, मुखडा घ्यायचा नाही, तिहाई नाही, आणि लय तसूभर पुढे सरकता कामा नये. किती जणांचा हात थांबेल? संथ लयीत हात पुढे पळतो हे मी तुम्हाला काय सांगायचं.

तुमचा श्वास अडकला ती जागा मला नेमकी कळली. 'वर्ड्स' सुरू होतं तिथेच ती आहे. तुमच्या हातांना सवय आहे की इथे काहीतरी भरलं जाणार, आणि तिथे ती काही भरत नाही. मात्र ती जागा रिकामी नसते. हेडफोन लावून ऐकलंत तर गिटारचा आधीचा सूर त्या जागेत विरत जाताना ऐकू येईल. बायाची, म्हणजे डग्ग्याची, आस, तो मागे घुमत राहणारा नाद, जशी पुढच्या बोलापर्यंत रेंगाळते, तसा. हा अल्बम क्रेमर नावाच्या निर्मात्याने ध्वनिमुद्रित केला. त्याआधी 'गॅलॅक्सी ५००' या बँडचे अल्बम त्याने केले होते, आणि गिटारला मोठ्या दालनातला घुमारा देण्यात त्याचा हात बसलेला होता. एक सूर लागतो, पसरतो, विरायला लागतो, आणि अगदी संपायच्या बेताला येतो तेव्हा ब्रश पडतो. ठोका उशिरा येत नाही, तो आधीचा सूर पूर्ण होऊ देतो. घाईत असलेल्या वादकाला दुसऱ्याच्या सुराची शेपटी ऐकू येत नाही. मिमीला ती प्रत्येक वेळी ऐकू येत होती, असं मला वाटतं.

तुम्ही मिरजेचे. अब्दुल करीम खाँसाहेब जिथे राहिले आणि जिथे त्यांची कबर आहे त्या गावच्या माणसाला संथ लयीचं कौतुक मी सांगणं बरं दिसणार नाही. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालतं आणि समेची वाट पाहण्यात काय सुख आहे, हे तुम्ही जन्मभर हाताने जगलात. तरी एक फरक आहे, आणि माझ्या मते तुम्हाला गाडीत जे वेगळं वाटलं ते हेच. आपल्या विलंबिताला पुढे द्रुत आहे. कितीही संथ सुरुवात झाली तरी श्रोत्याला ठाऊक असतं, की तासाभराने ताना येणार, लय चढणार, टाळ्या पडणार. 'लो'च्या ह्या अल्बममध्ये ते कधीच येत नाही. पहिलं गाणं ज्या चालीने चालतं, त्याच चालीने शेवटचं. पहिली वीस मिनिटं मन म्हणत राहतं, आता होईल काहीतरी. मग एका क्षणी ते वाट बघणं सोडून देतं. तुमच्या बाबतीत तो क्षण बहुधा पेठ नाक्याच्या आसपास आला.

एकच गाणं चढतं, 'ललबाय'. ते मिमी गाते. जवळजवळ दहा मिनिटांचं आहे आणि त्यातलं गाणं अर्ध्याच्या आतच संपतं. मग फक्त वाद्यं. गिटार तेच तेच वाजवत हळूहळू मोठी होते, भरती यावी तशी, आणि परत ओसरते. चढतो तो आवाज, लय जागच्या जागी असते. पुढच्या प्रवासात हे गाणं लागलं की मांडीवर ठेका धरून बघा.

मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो २००१ सालच्या डिसेंबरात, मिनिआपोलिसला, आमच्या इमारतीच्या तळघरात. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकांना तेव्हा तिथे नोकरी करता यायची नाही. दिवस मोठा आणि घर लहान. सार्वजनिक वाचनालयातून सीडी फुकट मिळायच्या, आठवड्याला मी पाच-सहा आणायची. कपडे धुवायची यंत्रं तळघरात होती. क्वार्टरची नाणी टाकायची, मग ड्रायरमध्ये कपडे घालून बसायचं. मी कानात डिस्कमन लावून ड्रायरच्या समोरच्या बाकावर बसले होते. 'ललबाय'ची ती भरती चालू होती आणि खाली ड्रायरची घरघर. मग ड्रायर थांबला. त्याचा थांबण्याचा आवाज मला हेडफोनमधूनही कळला, कारण अचानक गिटारच्या मागे आणखी एक खोली उघडल्यासारखी झाली. मी उठले नाही. कपडे गार होऊन गेले. शेजारची बाई येऊन माझे कपडे काढून टोपलीत ठेवून गेली, तरी मी बसून होते.

फेब्रुवारीत आम्ही डुलुथला गेलो. मिनिआपोलिसहून अडीचशे किलोमीटर, सरळ उत्तरेला. शेवटी रस्ता एका टेकडीवर चढतो आणि एकदम खाली गाव, बंदर आणि समुद्रासारखं पसरलेलं तळं दिसतं. उणे बावीस तापमान होतं. लोखंडाची कच्ची माती वाहणारी मोठी जहाजं जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत बंद असतात, कारण खालच्या बाजूचे जलपाश, म्हणजे जहाजं पाण्याबरोबर वर-खाली नेणारे दरवाजे, तेवढे दिवस बंद ठेवतात. त्यामुळे बंदर गप्प. जहाज आलं की वर उचलला जाणारा तो प्रसिद्ध पूलही जागचा हललेला नव्हता. काठावर बर्फाचे पातळ पापुद्रे लाटेबरोबर एकमेकांवर सरकत होते आणि त्यांचा बांगड्या किणकिणाव्यात तसा आवाज येत होता. बाकी काही नाही. नवीन पडलेला बर्फ आवाज पिऊन टाकतो. मी नवऱ्याला म्हटलं, "कळलं मला हे गाणं कुठून आलं."

पण ते खरं नव्हतं, गुरुजी. काही महिन्यांनी वाचनालयातच 'बेडहेड' नावाच्या बँडची सीडी हाती लागली. इतकीच संथ, इतकीच हळुवार, आणि ती मुलं टेक्ससमधल्या डॅलसची, जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. ह्याच वळणाचं वाजवणारा 'कोडीन' न्यूयॉर्कचा, 'रेड हाउस पेंटर्स' सॅन फ्रान्सिस्कोचे. या सगळ्यांना मिळून लोक 'स्लोकोअर' म्हणायला लागले. ॲलन स्पारहॉकला तो शब्द कधी आवडला नाही. मलाही नाही आवडत, पण दुकानात विचारायला तो सोयीचा आहे. तेव्हा हवेचं कारण मी सोडून दिलं. बर्फाने गाणं संथ होत असतं तर नॉर्वेत कोणी जोरात वाजवलंच नसतं.

खरं कारण त्या काळात आहे. १९९३ साली अमेरिकेतल्या क्लबांमध्ये जो तो आवाज वाढवत होता. ग्रंजचा, म्हणजे कर्कश गिटारींच्या रॉकचा, जोर होता. स्पारहॉकच्या डोक्यात आलं, की ह्या गर्दीपुढे जाऊन जमेल तितकं संथ आणि जमेल तितकं हळू वाजवलं तर काय होईल? बँडचं नावही तेच सांगतं, 'लो', खालच्या पट्टीतलं. क्लबात लोक बिअर घेऊन मोठ्याने बोलत असायचे. एखादा बँड अशा वेळी आवाज वाढवेल. हे तिघं कमी करायचे. मग पुढचे लोक ऐकू यावं म्हणून गप्प व्हायचे, त्यांच्या मागचे गप्प व्हायचे, आणि पुढेपुढे तर लोक रॉकच्या मैफलीत जमिनीवर मांडी घालून बसायला लागले. आपल्याकडे बैठकीत बसणं ही रीतच आहे. तिथे उभं राहून धक्के देणाऱ्यांना खाली बसवणं ही मोठी गोष्ट होती.

आता आवाजांबद्दल. आपल्या कानाला मींड लागते, गमक लागते, सूर हलावा लागतो. ॲलन आणि मिमी सूर सरळ लावतात आणि तसाच ठेवतात. दोघं एकाच वेळी दोन वेगळे सूर धरतात आणि ते शेजारी शेजारी चालत राहतात. आपल्याकडे एकट्याचा सूर आणि मागे तानपुरा, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना मला कळेचना की कोणाच्या मागे जायचं. मग सोडून दिलं आणि दोघांच्या मधे ऐकायला लागले. ही दोघं शाळेपासून एकमेकांना ओळखत होती, दोघंही मॉर्मन पंथाची, चर्चमध्ये गायची सवय असलेली. एकजण श्वास कुठे घेणार हे दुसऱ्याला आधी माहीत असतं, ते ऐकू येतं.

अल्बमचा शेवट 'सनशाइन' या गाण्याने होतो. हे त्यांचं नव्हे. 'यू आर माय सनशाइन' हे जिमी डेव्हिसने १९४० मध्ये लोकप्रिय केलेलं गाणं, पुढे लुइझियाना राज्याचं राज्यगीत झालेलं. अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांना टाळ्या वाजवत शिकवतात. पण धृपद सोडून कडवी वाचली तर त्यात एक माणूस आहे, त्याला झोपेत आपलं माणूस जवळ असल्याचा भास होतो आणि जाग येते तेव्हा जवळ कोणी नसतं. 'लो'ने त्या गाण्यात एक अक्षर बदललं नसतं तरी चाललं असतं, इतकी त्याची उदासी मुळातच होती. त्यांनी फक्त ते इतकं हळू म्हटलं की शब्द ऐकू आले.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर आलेच. इतकं उदास रोज ऐकणं बरं का?

त्याच हिवाळ्यात साताऱ्याला माझ्या आईचं ऑपरेशन झालं. मला जाता आलं नाही. फोन कार्ड खरवडून आकडा लावायचा आणि बोलायचं. त्या स्वस्त कार्डांवर आवाज उशिरा पोचायचा. मी "कशी आहेस?" म्हटलं की दोन सेकंद काही नाही, मग "बरी आहे गं." सुरुवातीला मला ते दोन सेकंद सहन व्हायचे नाहीत, मी मधेच बोलायची आणि दोघींचे शब्द एकमेकांवर आदळायचे. आईनेच सांगितलं, "तू विचारलंस की थांब. मी आहे इथे." मग मी थांबायला शिकले. त्या दोन सेकंदांत तिकडच्या पंख्याचा आवाज यायचा, तिचा श्वास यायचा. फोन ठेवला की मी हा अल्बम लावायची. दिवसभर भेटणारी माणसं "मजेत ना?" विचारायची आणि मला हो म्हणावं लागायचं. ह्या अल्बमने मला काही विचारलं नाही. त्याने माझं मन खाली नेलं नाही. ते आधीच खाली होतं, आणि तिथे कोणीतरी दिवा न लावता येऊन शेजारी बसलं होतं.

अल्बमच्या नावाचा अर्थही पाहा: मी आशेत राहू शकेन. 'शकेन' या शब्दात जेवढी आशा मावते, तेवढीच त्यात आहे. मला ती पुरली.

मुलाबद्दल मात्र गाण्यावरून काही ठरवू नका. तो नीट जेवतो का, झोपतो का, कामावर आणि मित्रांत जातो का, हे बघा. त्यात काही बिघडलेलं दिसलं तर सरळ त्यालाच विचारा आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्या. ते ठीक असेल तर रात्री त्याच्या शेजारी जाऊन बसा. गाडीत तो तुम्हाला काही बोलला नाही, पण अल्बम त्यानेच लावला होता आणि वडील तबलजी आहेत हे त्याला ठाऊक होतं.

प्रश्न : 'लो'चा हा अल्बम मी तीनदा ऐकायला घेतला आणि तिन्ही वेळा झोप लागली. माझं चुकतं का? (ठाणे)

उत्तर : काही चुकत नाही. तुम्ही पत्रात लिहिलंय की लोकलमधून उतरून घरी आल्यावर रात्री अकराला ऐकता. त्या वेळी शरीराला झोपच हवी असते. एखाद्या रविवारी सकाळी ऐका, हातात काही काम न घेता, आणि सबंध अल्बम न लावता फक्त 'वर्ड्स' आणि 'ललबाय'. आवाज फार मोठा ठेवू नका, फार लहानही नको, समोर बसून कोणी बोलतं आहे इतका. मोबाइलच्या स्पीकरवर तर मुळीच नको. त्यात बास जातो आणि घुमाराही जातो, मग उरतं ते खरोखरच झोप आणणारं.

प्रश्न : मी नाशिकला कॉलेजात शिकते. 'लो' मला आत्ताच सापडला आणि कळलं की बँड आता नाही. फार उशीर झाल्यासारखं वाटतं. पुढे काय ऐकू? (नाशिक)

उत्तर : बाळ, मिमी पार्कर ५ नोव्हेंबर २०२२ ला गेली, अंडाशयाच्या कर्करोगाने. पंचावन्न वर्षांची होती. तिच्याबरोबर बँड संपला. मी ती बातमी वाचली तेव्हा पुण्यात होते, आणि दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरवायचे होते.

माझंही एक सांगते. मिनिआपोलिसला असताना एकदा त्यांच्या कार्यक्रमाचं तिकीट काढलं होतं. संध्याकाळी बर्फाचं वादळ आलं, रस्ते घसरडे झाले, मी म्हटलं पुढच्या वेळी जाऊ, ह्याच राज्यातली माणसं आहेत. पुढची वेळ आली नाही, आम्ही परत आलो. म्हणून उशिराचं दुःख मला कळतं.

पण ऐकायला पुष्कळ आहे. 'थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर' (२००१) घे आधी, स्टीव्ह अल्बिनीने ध्वनिमुद्रित केलेला. त्यात दोघांचे आवाज सगळ्यात जवळून ऐकू येतात. मग एकदम 'डबल निगेटिव्ह' (२०१८) वर जा. तो पहिल्यांदा ऐकताना घाबरशील, आवाज मोडून-तोडून टाकलेत, रेडिओचं स्टेशन हरवल्यासारखे. थांब, पळून जाऊ नकोस, त्या खरखरीतून मिमीचा आवाज वर येतो तेव्हा कळेल. 'हे व्हॉट' (२०२१) हा शेवटचा.

त्यानंतर ॲलन स्पारहॉकने २०२४ मध्ये एकट्याने एक अल्बम काढला. त्यात त्याने स्वतःचा आवाज यंत्रातून इतका बदलला आहे की मला ओळखू येईना. मी प्रत्येक गाण्यात दुसरा आवाज कुठे येतो म्हणून थांबायची. दोघांनी मिळून गायची जवळजवळ तीस वर्षांची सवय, माझी नव्हे, त्याची. मग २०२५ मध्ये डुलुथच्याच 'ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स' या बँडबरोबर त्याने दुसरा अल्बम केला, आणि तिथे तो पुन्हा स्वतःच्या साध्या आवाजात गातो. त्यात 'नॉट ब्रोकन' नावाचं गाणं आहे, ते शेवटी ऐक. त्यात दुसरा आवाज येतो. तो त्यांच्या मुलीचा आहे.